दमलेला दगड

ओयान्तायताम्बोच्या खाली, नदीच्या वाटेवर
एक दगड पडला आहे,
खाणीतून निघालेला, देवळापर्यंत न पोचलेला.
आमच्या भाषेत त्याला म्हणतात सायकुस्का,
दमलेला.
त्याच्या सावलीत पाच माणसं ऐसपैस जेवतात.
आज त्याच्यापुढे अकरा उभी होती,
डोळे मिटून, तळवे टेकून.

लोथार बोलत होता
आणि मी त्याचे शब्द इकडचे तिकडे करत होतो.
दिवसाचे साठ सोल, जेवण वेगळं.
"थरथर जाणवते?" त्यानं विचारलं.
एकीला जाणवली.
मग सगळ्यांनाच जाणवली.
मलाही जाणवली जराशी,
पण वरच्या रस्त्यानं सिमेंटचा ट्रक चालला होता.

"हे माणसाच्या हातचं काम नव्हे.
आकाशातून कुणीतरी उतरलं होतं."

बाजूला माझी मावशी हिलारिया
उकडलेली कणसं घेऊन बसलेली.
काय म्हणतोय रे टोपीवाला?
मी म्हटलं, म्हणतोय, दगड जड आहे.
एवढंच? त्याला इतके शब्द लागले?

मग सांगावं लागलं.
आपल्याच मावशीला, आपल्याच भाषेत,
की तुझ्या खापरपणज्याला हे जमलं नसतं.
साठ सोलांत हेही आलं.

ती रागावली नाही.
कणसावरचं फडकं नीट केलं आणि म्हणाली,
विचार त्याला,
आकाशातून आलेले दमले कसे?

मी विचारलं.
लोथार हसला.
ते हसू माझ्या ओळखीचं आहे.
एफ्राईन काकानं जगबुडीच्या आधी दोन्ही गाई विकल्या होत्या.
ठरलेल्या दिवशी सकाळ झाली, कोंबडा आरवला,
आणि काका असाच हसत म्हणाला,
बघा, आपल्या प्रार्थनेनं टळली.
"दगड टाकला नाही," लोथार म्हणाला,
"खूण म्हणून ठेवला."
पोचला असता तरी खूण, नाही पोचला तरी खूण.
अशा माणसाशी पैज लावू नये.

मावशी उठली. गुडघे वाजले.
दगडाच्या कडेवरून तिनं अंगठा फिरवला.
हे बघ, मधे टोचे मोठे, कडेला बारीक.
कडेला हात जपून चालवावा लागतो,
टवका उडाला की महिन्याचं काम गेलं.
माझा बाप तोरिबियो भूकंपानंतर चर्चची भिंत घडवत होता,
त्याचेही असेच पडायचे.
आणि इथं बघ, तिरके पडलेत.
हा माणूस कंटाळला होता.
दुपार असणार.

मी भाषांतर करता करता अडलो.
कंटाळा हा शब्द मला जर्मनमध्ये आठवेना.

एक मुलगी म्हणाली,
"पण मघाशी पिण्याआधी
तुम्हीही पहिला घोट मातीला दिला.
तुमचीही श्रद्धाच ना?"
प्रश्न खोटा नव्हता.
मावशीनं चिचाचा पेला पाहिला, थोडा वेळ लावला.
देते. आईनं दिला, मी देते.
ती ऐकते की नाही, कोण जाणे.
पण कणसं मी लावली, मी खुरपली,
हे मी तिच्या नावावर घालत नाही.
आणि माझ्या बापाचा घाम
कुणा पाहुण्याच्या नावावर तर मुळीच नाही.

लोथारनं घड्याळ पाहिलं.
पुढचं ठिकाण, पुढची थरथर.
दहा जण बसकडे गेले.

अकरावा म्हातारा मागं राहिला.
चष्मा कपाळावर सारून
बोटानं टोचे मोजू लागला.
हॉर्न वाजला. पुन्हा वाजला.
ओठ हलत होते त्याचे, जपमाळ ओढल्यासारखे,
पण आकडे होते.
सत्तेचाळीसपर्यंत पोचला,
मग मान हलवली, कुणाला ते कळलं नाही,
आणि लंगडत निघून गेला.

धूळ बसल्यावर मावशी म्हणाली,
त्यानं कणीस घेतलं होतं रे,
पैसे द्यायचे राहिले.