'न'वरची लाट

योरिसनं उट्रेख्टहून आणलेल्या टाइपरायटरला
इथल्या 'न'वरची लाट ठाऊक नव्हती.
विद्यापीठाच्या पेपरसाठी रात्रभर पानं बडवायचा,
मग पेन्सिलीनं एकेक लाट काढत बसायचा.
दोन्या एदुविहेस भिंतीवर थाप मारायची:
"झोप रे, उद्याही सांतियागो इथंच आहे."

संचारबंदीच्या चौथ्या रात्री शिपाई आले.
पुस्तकं नेली, त्याला नेलं,
सायकलचा पंपसुद्धा.

शवागारात तिनं ओळखला तो
रिबिनीनं काळ्या झालेल्या बोटांवरून.
वकिलातीतला माणूस बाहेर घड्याळ बघत होता.

रोलरमध्ये पान तसंच.
शेवटचा शब्द मान्याना, म्हणजे उद्या;
लाटेवाचून नुसताच मानाना,
कशाचाच अर्थ नसलेला.

पेन्सिल त्याच्याच खिशातून गेली होती.
तिनं आरशाखालचा खण उघडला,
भुवयांची काढली,
जिभेवर ओली केली.