अठरा टक्के राखाडी

धैर्यवानसाहेबांच्या लेन्सपासून
नटीच्या डाव्या डोळ्यापर्यंत अंतर किती,
हे एकोणीस वर्षं मी फितीनं मोजत आलो.
सात फूट चार इंच. नऊ फूट.
एकदा, रडण्याच्या सीनला, जेमतेम दोन वीत.
फीत मिटली की माझं काम सुरू :
तिचं रडू धूसर होता कामा नये.

साहेब वाढले ठाकूरद्वारच्या फोटो स्टुडिओत.
वडील निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीनं
लग्नाळू मुलींचे देवीचे व्रण बुजवायचे.
"तिथंच शिकलो," साहेब सांगत,
"काय बुजवायचं नाही ते."

मग चांदिवली, पहाटे पाचची आरे कॉलनी,
काळ्या पिशवीत कोपरापर्यंत हात घालून
चाचपडत भरलेली रिळं.
चारशे फुटांत साडेचार मिनिटं मावतात;
त्याहून जास्त रडायचं असेल
तर डबा बदला, म्हणायचे.

मग मालिका आल्या.
मढचा बंगला, तीन कॅमेरे, दिवसाला बावीस मिनिटं,
आणि चॅनलचा निरोप : सावल्या नकोत, दागिने दिसू देत.
साहेबांनी चहूकडून थर्माकोल उभे केले.
फक्त सासू एकटी बसायची त्या कोपऱ्यातला
एक दिवा रोज स्वतः जाऊन विझवायचे.
अकराशे भाग.
कुणाच्या लक्षात आलं नाही. मुलीची फी भरली गेली.

बक्षीस मिळालं ते मात्र
भांडुपच्या मिठागरांवरच्या सिनेमाला,
जो दोन आठवडेही टिकला नाही.
परीक्षकांनी लिहिलं :
एकटेपणाचा असा निळा आम्ही पाहिला नव्हता.
स्टेजवर साहेब डोळे बारीक करून पुटपुटले,
"समोरचा फार हार्ड आहे, बटर पेपर लावा रे कुणीतरी."
घरी बाहुलीवर उन्हाची तिरीप चमकायला लागली
तेव्हा तिच्यावर मॅट स्प्रे मारून टाकला.

यंदा मोतीबिंदू निघाला. आधी उजवा.
पट्टी सुटली त्या रात्री मला फोन :
"तांडेल, मीठ निळं का आहे?"

मी गप्प.
"मी तर पांढरं केलं होतं रे."

अंधेरीच्या त्या काळोख्या खोलीत
साहेब म्हणत होते, अजून पिवळं आहे, काढ अजून,
आणि रंग लावणारा पोरगा माझ्याकडे बघत होता,
मी चहाच्या कपाकडे.
मी अंतराचा माणूस. रंगात आपण बोलत नाही.
हे मी तेव्हा स्वतःला सांगितलं,
फोनवर तेही सांगता आलं नाही.

रविवारी गेलो. सिनेमाचा विषय निघाला नाही.
वहिनींनी साबुदाण्याची खिचडी दिली.
मग साहेबांनी जुन्या बॅगेतून
कोपरे झिजलेलं राखाडी कार्ड काढलं,
"खिडकीशी उभा राहा. हनुवटीखाली धर. पूर्वीसारखं."

डावा झाकून पाहिलं. उजवा झाकून पाहिलं.
पुन्हा डावा.
"दोन आहेत," म्हणाले.
"यातला अठरा टक्के कुठला?"

सवयीनं मी अंतर जोखलं : सहा फूट, वर दोन इंच.
माझा चेहरा तरी शार्प असणार.
खाली कुणीतरी गाडी मागं घेत होतं.
"उजेड चाललाय," साहेब म्हणाले,
"हलू नकोस."