तारेचा कोन

पवईत, तळघरातली खोली.
भिंतीवरचा काटा एक्काहत्तर टक्के ओलावा दाखवतो.
यंत्र रात्रभर हवा पिळतं,
सकाळी पागधरे बादली उचलून
जिन्याखालच्या कढीपत्त्याला घालतात.

टेराहर्ट्झच्या लाटेला वाफ पिऊन टाकते,
मी सांगितलं. चुकीची वारंवारता निवडली
तर खोली ओलांडायच्या आत संपते.
"म्हणजे आमच्या दांड्याला
तुमचं काही चालायचं नाही," ते म्हणाले,
आणि पुन्हा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

मी कान बनवते. कागदावर त्याला डिटेक्टर म्हणतात.
ऐकणारा ट्रान्झिस्टर इतका लहान
की येणारी लाट त्याच्या तीनशेपट लांब:
दाराच्या फटीतून अख्खी मिरवणूक बघावी, तसं.
म्हणून चिपवरच अँटेना.
सोन्याचे दोन त्रिकोण, टोकाला टोक,
मधल्या फटीत तो.
पुस्तकांत या आकाराला बो-टाय म्हणतात.
पागधरे म्हणाले, डमरू.
मग माझ्या वहीतही डमरू आलं:
डमरू चार, डमरू सात, डमरू सात-अ, तडा गेलेलं.

मोजायचं एवढंच,
की आतला गोंगाट तर राहणारच,
त्यातून किती मंद हाक वेगळी ओळखू येते.

डमरू मोठं केलं. आकडा हलला नाही.
अँटेना शंभर ओहमचा, ट्रान्झिस्टर पाच हजारांचा,
बरीचशी लाट दारातूनच माघारी.
हे समजावायला मी खडू शोधत होते
तेवढ्यात ते म्हणाले,
"जाळं वाढवून काय होतंय?
ओढणारी होडी तशी पाहिजे."
फळा कोराच राहिला.

शिवाय सिलिकॉन.
अँटेनाचं तोंड आकाशाकडे,
पण कान जमिनीला लागलेला;
वरून मारलेली हाक त्याला अर्धीमुर्धी पोचते.
शेवटी चिपच्या पाठीला भिंग चिकटवलं,
वाटाण्याएवढं,
आणि तिला मागून हाक मारली.
त्या दिवशी आलेख असा चढला
की वैदेहीने डबा उघडा टाकून फोटो काढला.

लेखाचा मसुदा: अँटेनामुळे संवेदनशीलता नऊपट.
नऊपट कशाच्या? अँटेना नसलेल्या चिपच्या.
ती शेजारीच होती, उघडी, बिचारी,
आणि अडचण अशी, की तीही थोडं ऐकत होती.

का ऐकत होती?
तीन रविवार गेले.
लाटेची दिशा फिरवत गेले, पाच-पाच अंशांनी.
चिपवर आडव्या-उभ्या रेषांखेरीज काही नव्हतं,
आणि तिचा कान सर्वांत तीक्ष्ण
पस्तीस अंशांवर.
पस्तीस अंशांवर आम्ही काहीच आखलं नव्हतं.

"पॅडला ओरखडा होता," पागधरे म्हणाले,
"म्हणून तार जरा फिरवून घेतली."
सोन्याची तार, केसाच्या तिसऱ्या हिश्श्याची,
त्यांच्या हाताने टाकलेली, कमानीत वाकलेली.
ती फक्त वीज न्यायला होती.
तिला कोणी सांगितलं नव्हतं ऐकायला.

मी नऊ खोडलं.
खाली काय लिहायचं ते अजून ठरत नाही;
अँटेना नसलेली अशी चिप
आमच्याकडे कधी नव्हतीच.

आज तीच चिप पुन्हा लावली,
पस्तीस अंश. काटा उठला.
पागधरे चष्मा कपाळावर सरकवून बघत राहिले,
जरा ओशाळून, जरा
कोणी आपलं अक्षर ओळखावं तसे.
"काढून सरळ टाकू का?"
नको, म्हटलं. राहू दे. आधी मोजू.

कोपऱ्यात यंत्राने शिट्टी दिली. बादली भरली होती.