दाढ

उइगच्या वाळूपासून मैलभर आत,
जुन्या शाळेच्या मागच्या खोलीत
एफ्रिक राण्या ओतते.
दिवसाला अकरा. वारा पडला, वीज टिकली, तर बारा.

रबराच्या साच्यात राळ, राळेत खडूची पूड,
चाळीस मिनिटं.
मग साचा सोलायचा, ओला मोजा काढावा तसा,
आणि निघते ती:
मुकुट, पदर, उजवा हात गालावर,
डोळे असे, की पटावर आत्ताच काही घडलं
आणि हिला कुणी विचारलं नाही.

कानामागे साच्याची शिवण उमटते,
ती एफ्रिक नखांच्या कानशीने घासते.
चीर मात्र ठेवते.
मुळातली पडायला शतकं लागली,
हिची जन्मतःच, तंतोतंत.
मग रात्रभर कोऱ्या चहात.
सकाळी म्हातारी.

आमच्या पटावर राणी नाही, वजीर.
तो गालाला हात लावून बसत नाही.
कोपऱ्यात आमचा हत्ती, आणि इथे
ढालीची कड चावणारा शिपाई,
रागाने की भुकेने, कळत नाही.
हत्ती नाहीच कुठे. दातसुद्धा त्याचा नाही;
वॉलरसचा, बर्फावरून मुळासकट उपटलेला.

तो दात कुठल्याशा नॉर्वेच्या खोपटात
मासळीच्या तेलाच्या उजेडात कुणी कोरला.
नाव कुणी लिहिलं नाही. मी थोर्गिल्स म्हणते.
कोरता कोरता तो आतल्या गरापर्यंत पोचला,
भुरा, कणीदार, बारीक काम न धरणारा.
थोर्गिल्सने दात फिरवला,
भुरा भाग तिच्या पाठीला दिला
आणि चेहऱ्याला चांगला.

उन्हाळ्यात बस येते. लोक विचारतात,
कसलं दुःख आहे हिला?
नवरा हरतोय? मुलगा गेला?
एफ्रिक वर बघत नाही.
‘दाढ दुखतेय,’ म्हणते.
‘सगळीच दाताची आहे, दुसरं काय दुखणार?’

दोनशेच्या पुढे साचा थकतो.
आधी बोटं जातात.
परवाची राणी निघाली तेव्हा
हात कुठे संपतो, गाल कुठे सुरू होतो, सांगता येईना.
ती विकायची नाही.
शेजारच्या टॉरमॉडची राणी मागेच हरवली,
तो बाटलीच्या बुचावर भागवत होता.

काल तो खेळायला आला, कवळी खिशात.
बूच उचललं, ही ठेवली,
अन् बराच वेळ नुसता पाहत राहिला.
‘चाल,’ एफ्रिक म्हणाली.
‘थांब जरा. ओळख होऊ दे.’

तिने चहाचं पातेलं घासायला घेतलं.
आतली तपकिरी रेघ काही निघेना.