मेदर, पिप, एझर, सेझर

शुक्रवारी दुपारी ती येते, रीथहून,
दोन बस बदलून, लीड्सच्या आमच्या तळघरात.
विनिफ्रेड ॲल्डरसन. वय एक्याऐंशी.
पिशवीत दगड, दगडाभोवती वर्तमानपत्र.
आजवर अकरा आणले, अकराही खोटे:
शिशाच्या जुन्या भट्ट्यांची मळी,
एकदा तर ट्रॅक्टरचं वितळलेलं बेअरिंग.
मी चुंबक लावते, भिंग लावते,
आणि "नाही" जमेल तितकं मऊ करून सांगते.
ती म्हणते, बरं. चहा पिते. जाते.

बारावा तिने शोधलाच नव्हता.
गोठ्याचं दार वाऱ्याने आपटू नये
म्हणून सासऱ्यांच्या काळापासून टेकवलेला धोंडा.
बाकीचे संपले म्हणून उचलून आणला.

काळं कवच. ओल्या मातीत अंगठे दाबावेत तसे खळगे.
चुंबक माझ्या हातून सुटून त्याला जाऊन बिलगलं.
मी बराच वेळ बोललेच नाही.
"हाही नाही ना?" तीच म्हणाली.

कापू का, विचारलं.
"लोकर कापताना मेंढीला विचारतं का कुणी?"

हिऱ्याची करवत, तीन तास.
पात्याच्या जाडीएवढा दगड स्पिरिटात गाळ होऊन गेला,
थोडा माझ्या ॲप्रनवर.
मग काचेवर चिकटवून घासत राहिले,
केसाच्या निम्म्याहून पातळ होईपर्यंत,
दगडातून उजेड पलीकडे जाईपर्यंत.

शाळेची सहल लोणारला गेली होती.
सगळ्यांनी खड्डा पाहिला, डबे खाल्ले.
मी विचारलं, सर, पण दगड कुठाय?
सर म्हणाले, गेला. बस मोजा आता, कोण राहिलंय.

सूक्ष्मदर्शकाखाली गोल गोल थेंब.
तापल्या धुळीचा झारा कुणी ठोकावा
आणि बुंदीच्या कळ्या पडाव्यात,
पण कढई नाही, तेल नाही,
पडायला खालीच नाही.
सूर्य नुकता धरत होता.
बाकीच्या कळ्या वळल्या गेल्या: कुणाची पृथ्वी झाली, कुणाचा मंगळ;
दाबल्या, वितळल्या,
आपण कळ्या होतो हे विसरल्या.
म्हणून अंगणातल्या कुठल्याही दगडाला जन्माचं विचारू नये.
ही मूठभर परातीतच राहून गेली.

पुढच्या शुक्रवारी तिला दाखवलं.
चष्मा काढून ती वाकली, वाकूनच राहिली.
"ओढ्यातली बेडकाची अंडी," म्हणाली. "मार्चमधली."
माझी बुंदी मी तिला सांगितली नाही.

मधल्या पांढरट ठिपक्यावर काटा आणला.
हे सगळ्यांत आधी थिजलं, सूर्याच्या घरात.
वय इंग्रजीत सांगितलं, मनात मराठीत मोजलं:
चारशे छप्पन्न कोटी, सत्तर लाख.
तिला एवढं कळेना, तर कागदावर लिहिलं.
तिने शून्यांवर तळवा ठेवला
आणि उरलेले आकडे बोटाने वाचले.
चार, पाच, सहा, सात.
"मेदर, पिप, एझर, सेझर."
आजोबा मेंढ्या अशाच मोजायचे, म्हणाली,
कोंडवाड्याच्या तोंडाशी उभे राहून.
मग थांबली.
"यान, टान, टेदर? पहिल्या तिघी कुठे गेल्या?"

मी हसणार होते.
पण त्या काळ्या धुळीत खरंच काही कण आहेत,
हिऱ्याचे, या भिंगाला न दिसणारे,
आपल्या सूर्याच्याही आधी
दुसऱ्याच कुठल्या ताऱ्यांनी सोडलेले.
तिला म्हटलं, आतच आहेत. दिसत नाहीत.
तिने मान हलवली; चुकलेली मेंढी धुक्यात ओरडते
तेव्हा मालक हलवत असेल तशी.

अर्धा दगड तिचा, तिने तो गळपट्ट्यात गुंडाळला.
मी बजावलं: ओलीपासून जपा,
इतकी वर्षं वर काही झालं नाही,
तुमच्या पावसात गंजून जाईल.
"आमचं पण तसंच," ती म्हणाली,
आणि सव्वाचारच्या बससाठी निघाली.

ॲप्रन अजून धुतलेला नाही.