पट्ट्याचं टोक

पट्ट्याला नवं भोक पाडून घेतलं तेव्हा
पौड फाट्यावरचा हणमंत आरी पुसत म्हणाला,
"साहेब, पुढचं भोक आता हवेत पाडावं लागेल."

जिमची वर्षाची फी भरली होती एकदा.
तिथल्याही पट्ट्यावर पळालो चार दिवस.
समोर आरसा, आरशात पोट,
दोघं होतो तिथेच.

मग वेताळ टेकडीवर ढमढेरे बाई भेटल्या.
वय एकाहत्तर, दोन्ही हातांत पाण्याचे कॅन.
"नुसते हात हलवत काय येता?
ते कडुनिंबाचं रोप उद्यापासून तुमचं."
विचारलं नाही. सांगितलं.

पाच लिटर डावीकडे, पाच उजवीकडे.
पहिल्या चढाला तीनदा टेकलो,
निम्मं पाणी बुटांत.
मार्चभर बाईंना मनात शिव्या घातल्या,
एप्रिलमध्ये शिव्यांनाही दम पुरेना,
मे महिन्यात रोपाला सात नवी पानं.
मोजली.
रात्रीचा दुसऱ्यांदा घेतलेला भात सुटला,
सोडला नाही, सुटला.
भरल्या पोटानं पहाटे तो चढ चढून बघा, कळेल.

वजन किती उतरलं, ठाऊक नाही.
बुटाची नाडी बांधताना
श्वास धरून ठेवावा लागत नाही,
एवढं खरं.

परवा हणमंतानं आतल्या बाजूला भोक पाडलं,
लोंबणारं टोक कापून हातात दिलं.
त्यानंच रोप काठीला बांधून आलोय.
सैलसर.
त्याचा घेर वाढायचाय अजून.