मारुतीची कंबर

एकतीस वर्षं मी प्रेसमध्ये नोटा तपासल्या.
कागद कुठं चुकलाय ते आधी बोटाला कळायचं,
मग डोळ्याला, मग सुपरवायझरला.
अजूनही भाजीवालीनं सुटे दिले की हात आपोआप
उजेडाकडे जातो. ती हसते. "काका, खरीच आहे."

बातमी उजेडाकडे कशी धरायची
हे मात्र नाशिकरोडला कुणी शिकवलं नाही.

परवा सकाळी साडेसातला खैरनारांनी फोटो पाठवला:
गंगेला पूर, दुतोंड्या मारुती गळ्यापर्यंत पाण्यात.
खाली मजकूर, धरणाचं पाणी मुद्दाम रात्री सोडलं.
कुणी, ते नाव न घेता, पण कळेल इतपत.
मी अंगठा दाखवला.
चष्मा सापडायच्या आधीच दाखवला.
खैरनार आमचे. पोरीच्या लग्नात पंगतीत वाढायला उभे होते,
बायपासच्या वेळी त्यांच्या पोरानं रक्त दिलं.
अशा माणसाचा फोटो काय उजेडाकडे धरायचा?

आठ वाजता व्याह्यांचा आला. तोच मारुती,
पाणी जेमतेम गुडघ्याला.
परिस्थिती नियंत्रणात, अफवांवर विश्वास ठेवू नये.
मी म्हटलं, हा जुना आहे.
"कशावरून?" बायकोनं विचारलं.
व्याह्यांनी पाठवलाय ना.
ती कणीक मळत होती. मान वर न करता म्हणाली,
"जाऊन बघा की. निमाणीची बस दारातून जाते."

गेलो.

गाडगे महाराज पुलावर माणसांची भिंत,
एक कणीस भाजणारा, दोन पोलीस,
पाणी टपरीच्या चहाच्या रंगाचं,
त्यातून एक निळा ड्रम गोल फिरत चाललेला.
आणि मधोमध तो, शेंदरी,
एक तोंड इकडे, एक तिकडे.
पाणी कमरेला होतं. मला तरी कमरेला वाटलं.
शेजारचा रेनकोटवाला म्हणाला, छातीला लागलंय हो.
त्याच्या पलीकडच्या बाई: कसली छाती,
गुडघा दिसतोय की स्वच्छ.
मग वाद पाण्याचा राहिलाच नाही,
मारुतीची कंबर नेमकी कुठं सुरू होते याचा झाला.
"तुम्ही कुठल्या, ताई?"
"सिडको."
"तरीच," म्हणाला रेनकोटवाला.
तेवढ्यात त्याचं सगळं मोजून झालं होतं.

खाली भांडीबाजारात एक जण
शटर अर्धं उचलून पातेली माळ्यावर चढवत होता.
किती आलंय, विचारलं.
"तिसरी पायरी. उभे काय राहिलात, हात लावा."
लावला. पितळी हंडे, डबे, एक तांब्याचा बंब,
चप्पल पाण्यात, पाणी घोट्याच्या वर, गार, बारीक रेतीचं.
आत भिंतीवर कॅलेंडर.
त्यांच्या माणसाचं, हात जोडलेलं.
मी पाहिलं.
हातातलं पातेलं हातातच राहिलं, जरासं.
"द्या वर," तो म्हणाला. मी दिलं.

संध्याकाळी कट्ट्यावर
बाकावर माझ्यापुरती जागा धरून ठेवलेली.
माझा बिनसाखरेचा चहा न सांगता आला.
निवृत्ती गायधनी दमेकरी आवाजात सगळ्यांना सांगत होता,
हा स्वतः जाऊन आलाय, ह्याला विचारा.
खैरनारांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.
"काय मग? गळ्यापर्यंत ना?"

एकतीस वर्षांत चुकलेली नोट
मी एकदाही पुढे जाऊ दिली नाही.

"बरंच आहे," म्हटलं. "बरंच आहे पाणी."
"बघा!" खैरनार म्हणाले, आणि सगळ्यांनी बघितलं, माझ्याकडे.

पँट अजून ओली होती, घोट्याच्या जरा वर,
रेतीची एक रेघ, फुटपट्टीनं आखल्यासारखी.
मी पाय बाकाखाली ओढून घेतले.